तळापर्यंत ओगराळं

फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर आपल्या पणजीच्या पणजीनेही ती कुणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेली. बाळगोपाळांनो, पुढे सरकून बसा. आणि मागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण ही गोष्ट पोरांपेक्षा तुम्हालाच जास्त लागू आहे.

एका राज्यात एक शहाणा राजा होता. त्याने एकदा हुकूम काढला, "माझ्या राज्यात पाठशाळेत बसणाऱ्या प्रत्येक लेकराला दुपारचं पोटभर जेवण मिळालंच पाहिजे. लोक म्हणतात, आधी पोटोबा, मग विठोबा. मी म्हणतो, आधी पोटोबा, मग पाढे." नुसता हुकूम काढून तो थांबला नाही. दर पंधरवड्याला राजाच्या कोठारातून बैलगाड्या निघत. जुना तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, गुळाच्या ढेपी, घाण्याचं तेल, भोपळे. माल असा चोख, की राजाच्या घरीही तोच शिजत असे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या पाठशाळेत साठ पोरं होती. गाड्या उतरवून घ्यायला एक कारभारी होता आणि रांधायला एक बाई होती. तिचं नाव कोंडाबाई. कोंड्याचा मांडा करावा तर हिनेच, असं गाव म्हणायचं, इतकी तिच्या हाताला चव. चौदा वर्षं ती त्या चुलीपुढे उभी होती. पोरं तिला मावशी म्हणत, आणि कुठलं पोर कुणाचं, कुणाला भोपळा आवडतो आणि कोण तो गुपचूप शेजाऱ्याला देतो, हे तिला पाठ होतं.

ती एका मोठ्या पितळी तपेल्यात खिचडी शिजवायची. आणि ती वाढायची त्या गावची एक रीत होती.

लांब दांड्याचं ओगराळं वरून वीतभर बुडवायचं, भरायचं आणि वाढायचं. ढवळायचं नाही, खरवडायचं नाही, तळाला तर लावायचंच नाही. का? तर तळाशी अन्नपूर्णा बसलेली असते. तिला ओगराळं लागलं तर ती रागावून उठून जाईल आणि गावात अन्नाचा कण उरणार नाही. पोरांची पंगत उठली की तळाशी जे राहील तो देवीचा वाटा. देवीचा वाटा सांभाळायचा मान कारभाऱ्याच्या घराण्याचा. हा मान त्यांना कुणी दिला, म्हणाल? कारभाऱ्याच्या आजोबांना तो कारभाऱ्याच्या पणजोबांनी दिला होता.

आता खिचडीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. पाणी सढळ हाताने घातलं आणि ढवळलं नाही, की तांदूळ, डाळ, भोपळ्याच्या फोडी, शेंगदाणे सगळं खाली बसतं. वर राहतं पिवळं पाणी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात होतं, चांगलं भरपूर होतं, पण पोहरा बुडवायचाच नाही अशी रीत होती.

म्हणून त्या गावची पोरं दुपारनंतर डुलक्या काढत. पंतोजी पाढे म्हणायला सांगत, तर बे एके बे पासून निघालेली पोरं बे पंचे दहापर्यंत पोचेस्तोवर भिंतीला टेकत. दर वर्षी राजधानीतून एक म्हातारे शास्त्रीबुवा परीक्षा घ्यायला येत. तीन वर्षं त्यांनी आपल्या वहीत एकच शब्द लिहिला होता : मंद. गेल्या वर्षी तर ते निघताना गावकऱ्यांना म्हणाले, "दगडावर पाणी ओतण्यात अर्थ नाही. पुढच्या खेपेला हीच गत दिसली, तर ही पाठशाळा बंद. धान्याच्या गाड्या दुसऱ्या गावाला वळवू."

त्या गोष्टीला अकरा महिने झाले. परीक्षेला एक महिना राहिला.

एका दुपारी कोंडाबाईने पाहिलं, की पंगत उठली तरी कुंभारआळीची एक चिमुरडी बसूनच आहे. तिने द्रोण चाटला. पुन्हा चाटला. चाटून चाटून पळसाचं पान फाटलं, तशी ती फाटलेलं पान हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत हळूच निघून गेली. कोंडाबाईचा हात तळाशी उरलेल्या खिचडीकडे गेला. पण रीत ती रीत. तिने देवीचा वाटा पातेल्यात भरला, पातेलं डोक्यावर घेतलं आणि रोजच्यासारखी कारभाऱ्याच्या घराकडे चालू लागली.

रोज ती पातेलं फाटकाशी ठेवून परत फिरे. पुढे कारभारी तो वाटा नदीकाठच्या देवळात नेऊन ठेवतात, असं तिला आणि साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे तसं त्यांना सांगितलेलं होतं. त्या दिवशी मात्र फाटक सताड उघडं होतं आणि हाका मारूनही कुणी येईना. म्हणून ती आत गेली.

गोठ्यात कारभाऱ्याचा टकरीचा एडका, म्हणजे झुंजीचा मेंढा, बांधलेला होता. सात गावच्या जत्रांत त्याला जोड नव्हती. मान ही अशी, पाठीवर हात फिरवला तर घसरावा. त्याच्यापुढे घमेल्यात काल तिनेच दिलेली खिचडी होती. मऊ डाळ, भोपळ्याच्या फोडी, शेंगदाणे. अर्धी खाल्लेली, अर्धी टाकलेली. कोंडाबाईने पातेलं खाली ठेवलं. एडक्याने त्यात नाक घातलं, हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्याचं पोट भरलेलं होतं.

कोंडाबाई तिथेच मटकन बसली. तिला राग आला, पण पहिला राग कारभाऱ्याचा नव्हता. चौदा वर्षं हे तिच्याच हातांनी झालं होतं. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि तिला ते हात नको झाले.

तिथून ती तडक कुंभारआळीत गेली. तिथे गावातला सगळ्यात म्हातारा कुंभार उन्हात बसून चिलीम ओढत होता.

"आबा," ती म्हणाली, "तळाला ओगराळं लावू नये, हे कुनी सांगितलं?"

"माझ्या आज्यानं," म्हातारा सहज म्हणाला.

"तुमच्या आज्यानं? देवीनं न्हाई?"

"देवीला काय काम न्हाई व्हय? अगं, तवा पाठशाळेत पितळी तपेलं कुठलं! मातीचा डेरा असायचा, आज्यानं घडवल्याला. लोखंडी ओगराळं तळाला आपटलं की डेरा फुटायचा. दोन फुटले, तवा आज्या वैतागला आन् रांधणारीला म्हनला, बाई, तळाला ओगराळं लावू नगं, लाकडाचा चाटू घे आन् हलक्या हातानं खालपतुर ढवळ. पहिलं सांगनं गावानं ध्येनात ठेवलं, दुसरं विसरलं."

"मग डेरा गेला, पितळी तपेलं आलं..."

"रीत ऱ्हायली. आन् देवी मागनं आली, कुनाच्या तरी सोयीनं." म्हाताऱ्याने चिलीम झटकली. "तुझ्या त्या तपेल्यात मुसळ घालून बडव, पोरी. काय बी हुत न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाई, आबा?"

म्हाताऱ्याने चिलीम बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मला कुनी इचारलं न्हाई. आन् खरं सांगू का, मी बी भ्यालो."

दुसऱ्या दिवशी दुपारी साठ पोरं द्रोण घेऊन रांगेने बसली. कोंडाबाईने पदर खोचला, ओगराळं दोन्ही हातांनी धरलं आणि खाली सोडलं ते थेट तळापर्यंत. पितळेवर लोखंड वाजलं, ठण्ण! पंतोजींच्या हातातली छडी पडली. पोरांनी डोळे मिटून घेतले. आता देवी उठणार, छप्पर उडणार, काय होणार कुणास ठाऊक.

काहीच झालं नाही. कोंडाबाईने एक वळसा घातला, दुसरा घातला, आणि सगळी खिचडी खालीवर होऊन दाट, पिवळीधमक वर आली. पहिला द्रोण तिने त्या चिमुरडीपुढे ठेवला.

"मावशी, हे कुनाचं?" पोरीने विचारलं.

"तुझं."

"समदं?"

"समदं. आन् संपलं की पुन्यांदा माग."

त्या दिवशी पोरं अशी जेवली की विचारू नका. एका पठ्ठ्याने चार द्रोण रिचवले. ज्या पोटाला पाण्याची सवय, त्यात चार द्रोण खिचडी गेल्यावर ते दुखणारच. तसं ते दिवेलागणीला दुखलं. पोरगं कळवळलं, आईने ओवा दिला, ते बरं होऊन झोपलंही. पण तोवर बातमी गावभर झाली होती : देवी कोपली.

सकाळी पाठशाळेपुढे गाव जमा झालं. पुढे कारभारी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या कशा असतात हे पाहायचं असेल तर त्या दिवशी त्याला पाहायला हवं होतं.

"बघा, बघा!" तो ओरडला. "पहिल्याच दिवशी लेकरू तडफडलं! उद्या गाव तडफडंल! कोंडाबाई, तपेल्यापुढं नाक घास. ओगराळं माझ्या हातात दे. आन् पुन्हा चुलीपाशी पाऊल टाकू नगंस."

बायाबापड्या भेदरलेल्या होत्या. कोंडाबाईलाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण ती पायरीवरून हलली नाही, आणि ओगराळं तिने छातीशी धरलं. एडक्याची गोष्ट तिने काढली नाही; तिच्या एकटीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होतं?

"नाक घासनार न्हाई," ती म्हणाली. "ओगराळं बी देनार न्हाई. मला ठेवायचं का काढायचं ते राजा ठरवंल, कारण चूल राजाची हाय. तुम्ही देवीचं नाव घेता न्हवं, कारभारी? मग बायांनो, आत्ता घरी जावा. आपापल्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा हातात घिऊन बघा. तिच्या हातात काय हाय? तलवार हाय? पळी हाय पळी! जी सोता हातात पळी घिऊन जगाला वाढाया बसली, ती ओगराळ्याला भिऊन पळंल व्हय?"

लग्नात माहेराहून आणलेली ती इवलीशी पितळी मूर्ती प्रत्येकीने रोज घासलेली होती. प्रत्येकीला त्या मूर्तीच्या हातातली पळी आठवली.

"आन् कोप व्हायचा असंल," कोंडाबाई पुढे म्हणाली, "तर तो माझ्यावर होऊ दे. मी हितंच हाय. पर पोरास्नी पानी वाढा आसं सांगनारी देवी मला ठावं न्हाई. आसली तर तिलाच मी इचारीन, बाई, तुझं लेकरू कुठल्या पंगतीला बसतंय?"

कारभारी फणफणत निघून गेला. पण भीती अशी एका भाषणाने जात नसते. दुसऱ्या दिवशी पंगतीला अकराच पोरं आली. बाकीच्यांना आयांनी घरात डांबलं. कोंडाबाईने तरीही साठांची खिचडी रांधली आणि तळापासून ढवळून वाढली. उरली ती तिने सांजेला दारोदार नेऊन पोचवली. कुणी दार लावून घेतलं, तर उंबऱ्यावर ठेवून आली. चौथ्या दिवशी तीस पोरं झाली. आठव्या दिवशी आया कितीही ओरडल्या तरी पोरं घरून पळून येऊ लागली, आणि मग आयाही ओरडायच्या थांबल्या, कारण पोरांच्या गालांवर रंग दिसू लागला होता.

कारभाऱ्याच्या गोठ्यात मात्र एडका दोरी तोडू पाहत होता. कोरड्या कडब्याकडे तो ढुंकूनही बघेना.

महिना झाला आणि शास्त्रीबुवा आले. कारभाऱ्याने त्यांना वेशीवरच गाठलं आणि तिखटमीठ लावून सगळं कानावर घातलं. शास्त्रीबुवा मनाने वाईट नव्हते, पण रीत म्हटली की त्यांचा विचार तिथेच थांबे. पहाटेपासून तट्टावर बसून आल्याने त्यांच्या पोटात कावळेही ओरडत होते. ते पाठशाळेत आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई, वाडवडिलांची रीत मोडायची नसते," ते म्हणाले. "आज माझ्यासमोर रीतीप्रमाणेच वाढ. नाही तर ओगराळं खाली ठेव आणि घरी जा."

पोरांचे चेहरे उतरले. त्या चिमुरडीने तर द्रोण पाठीमागे लपवला. कोंडाबाईने एकदा पोरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाढते, बुवा. अगदी रीतीपरमानं वाढते. पर पंगतीतलं पहिलं पान तुमचं."

शास्त्रीबुवा मांडी घालून बसले. तिने तपेलं न ढवळता ओगराळं वीतभर बुडवलं आणि त्यांच्या द्रोणात ओतलं. त्यांनी वाकून पाहिलं. द्रोणात भाताची दोन शितं होती, आणि त्यांच्या स्वतःच्या मिशा दिसत होत्या.

"हे काय?"

"रीत, बुवा. प्या."

ते प्यायले. पोटातले कावळे आणखीच चवताळले. "आणि बाकीचं?" त्यांनी विचारलं.

"बाकीचं बी रीतीपरमानंच जातं. चला, दावते."

तिने तळातून एक पातेलं भरलं, उरलेल्या तपेल्यावर झाकण ठेवलं आणि निघाली. दाट खिचडीचा वास दरवळत होता. मागे शास्त्रीबुवा, त्यांच्या मागे पंतोजी, त्यांच्या मागे गाव. कारभारी आडवा येऊन म्हणू लागला, "बुवा, उन्हाचं कशाला, आधी माझ्या घरी सरबत घ्या." पण शास्त्रीबुवा त्या पातेल्यावरची नजर काढत नव्हते. कोंडाबाई देवळाकडे वळली नाही. ती थेट गोठ्यात शिरली आणि तिने पातेलं एडक्यापुढे ठेवलं.

महिनाभर वाट पाहिलेल्या एडक्याने त्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही. मचमच, मचमच. भुकेले शास्त्रीबुवा उभे राहून बघत होते. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि थोड्या वेळाने डोळ्यांना.

"तुमी एकच द्रोण प्यायला, बुवा," कोंडाबाई म्हणाली. "माझ्या पोरांनी चौदा वर्षं ह्योच द्रोण प्याला, आन् तुमी त्येंच्या नावापुढं मंद लिवलं. वाढनारी मी, हडपनारे हे कारभारी, आन् लिवनारे तुमी. तिघं बी अपराधी. त्यातली एक म्हैन्याखाली सुधारली. बाकीच्या दोघांचं काय ते ठरवा."

शास्त्रीबुवांच्या तोंडावर असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

"परवानगीवाचून तू रीत मोडलीस," ते अखेर सावकाश म्हणाले. "हा अपराध आहे."

"हाय. शिक्षा द्याची ती द्या. पर सांजच्याला द्या. आत्ता माझी पोरं पानावर ताटकळल्यात."

आणि ती वळून चालू लागली. शास्त्रीबुवा तिच्या मागून गेले, पंगतीत त्या चिमुरडीशेजारी बसले आणि त्यांनी द्रोण पुढे केला. ओगराळं तळापर्यंत गेलं. त्यांनी तीन वेळा मागून घेतलं.

परीक्षा त्यांनी जेवणानंतर घेतली. सगळी पोरं एका महिन्यात पंडित झाली, असं मी सांगणार नाही. तेवढी थाप मला मारता येत नाही. पुष्कळ पोरं चुकली. पण जागी राहून चुकली, हात वर करकरून चुकली, आणि चूक सांगितल्यावर "का?" म्हणून विचारू लागली. शास्त्रीबुवांनी वही उघडली, तीन वर्षांचे तीन शब्द खोडले आणि त्याखाली लिहिलं : भुकेली होती, चूक माझी. पाठशाळा राहिली, आणि सांजेला शिक्षेचं नाव कुणी काढलं नाही.

कारभाऱ्याचं काय झालं? त्याला ना फटके मिळाले, ना तुरुंग. राजाने एवढाच हुकूम धाडला, की कोठाराची किल्ली ज्याच्याकडे, त्याने वर्षाचे सगळे दिवस दुपारी पोरांच्या पंगतीत बसून, त्याच तपेल्यातलं, पोरांच्या नंतर जेवायचं. घरून डबा आणायचा नाही.

पहिल्या दिवशी कारभारी रांगेच्या शेवटी येऊन बसला. पोरांचं वाढून झालं. कोंडाबाई त्याच्यापाशी आली, तसा तो मान खाली घालून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटला, "कोंडाबाई, माझं जरा तळातनं वाढा."

कोंडाबाई मात्र साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कारभारी, ह्या तपेल्याला आता वर आन् तळ ऱ्हायला न्हाई. जे हाय ते समद्यांस्नी सारखं हाय."

आणि तिने पोरांना वाढलं होतं तेवढंच, तसंच त्याला वाढलं.

बोध : ज्या पंगतीत आपण बसणार नाही, त्या पंगतीचं अन्न ठरवायचा अधिकार आपल्याला नाही.